नेरळचा घाट आणि ‘नव्या’ गाडीचा क्लच

नेरळची बाजारपेठ मागे पडली की माथेरानचा रस्ता सुरुवातीला अगदी साळसूदपणे वागतो. मग चढ सुरू होतो आणि एका वळणापासून तो असा काही उभा राहतो की गाडीतली गाणी आपोआप बंद होतात. मागच्या सीटवरची आजी देवाचं नाव घेते, मुलं खिडकीतून माकडं शोधतात आणि ड्रायव्हिंग सीटवरच्या वडिलांच्या कपाळावर घाम जमतो. अशातच एक उग्र, जळका वास नाकात शिरतो. इंजिन जोरात ओरडतं, पण गाडी काही त्या हिशेबाने पुढे सरकत नाही. रेस दिली तर आवाज वाढतो, वेग नाही. नेरळच्या टॅक्सीवाल्यांना हे दृश्य नवं नाही. क्लच घसरतोय, हे ते लांबूनच ओळखतात.

‘अहो, पण गाडी नवी आहे! पंधरा हजार किलोमीटरसुद्धा झाली नाही,’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. ते खरंही असतं. पण मीटर मोजतो किलोमीटर, आणि क्लच झिजतो तो पाय किती वेळा आणि कसा पडला त्यावर. मुंबईच्या रस्त्यावर ऑफिसला जाऊन येणारी गाडी दिवसाला वीस किलोमीटर धावते, पण त्यात सिग्नल, खड्डे आणि इंचाइंचाने सरकणारी रांग पकडली तर क्लच शेकडो वेळा दाबला जातो. त्यात अनेकांना पाय पेडलवरच ठेवून बसायची सवय. हायवेवर लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा क्लच ठणठणीत असतो आणि शहरातली ‘कमी चाललेली’ गाडी घाटात हात टेकते, ते यामुळे.

क्लचचं काम तसं सोपं आहे. इंजिनाच्या फिरत्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, एक प्लेट स्प्रिंगच्या दाबाने घट्ट चिकटते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की ती सुटते. अर्धवट दाबलं की ती धड चिकटत नाही, धड सुटत नाही, नुसती घासत राहते. यालाच हाफ क्लच म्हणतात. सपाटीवर क्षणभर घासली तर बिघडत नाही. नेरळच्या चढावर, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, पुढची गाडी हलेपर्यंत हाफ क्लचवर गाडी तोलून धरली, तर प्लेट तापून जळायला लागते.

हा चढ किती खडा आहे, ते समजायला शेजारची आगगाडी पाहावी. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधलेला हा दोन फुटी रूळमार्ग जास्तीत जास्त वीसास एक एवढाच चढ घेतो. डोंगराला वळसे घालत, घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत तो सुमारे वीस किलोमीटर फिरून माथेरानला पोहोचतो. मोटाररस्ता मात्र दस्तुरी नाक्यापर्यंतची उंची सात-आठ किलोमीटरमध्येच संपवतो. पीरभॉयांनी लांबी वाढवून जो चढ वाचवला, तो मोटारीच्या क्लचला सोसावा लागतो!

टॅक्सीवाल्यांचं पाहून शिकण्यासारखं आहे. चढाच्या आधीच ते खालचा गिअर टाकतात, वळणावर मध्येच गिअर बदलत बसत नाहीत. पुढच्या गाडीपासून बरंच अंतर ठेवतात, म्हणजे थांबावं लागत नाही. थांबावंच लागलं तर हँडब्रेक ओढून पाय क्लचवरून काढतात. निघताना पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज किंचित दबेपर्यंत क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची आणि मगच हँडब्रेक खाली. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी हा घाटाचा नियमच आहे. सुट्टीच्या दिवशी तो पाळला जातो असं मात्र नाही.

वास आलाच तर ‘थोडंच उरलंय’ म्हणत गाडी रेटू नये. रुंद जागा पाहून बाजूला घ्यावी, हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकामागे दगड लावून अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी. नंतरही इंजिन नुसतंच ओरडत असेल, तर टोइंगची गाडी बोलवावी. घसरणारा क्लच उतारावरही भरवशाचा नाही. इंजिनाची लगाम सैल पडते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

खरी रस्सीखेच होते ती गॅरेजात. क्लचप्लेट झिजणारी वस्तू असल्याने वॉरंटी सहसा तिला लागू होत नाही, आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच बरीच. म्हणून काम सांगण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. केबलच्या क्लचला पेडलवर थोडी ढिलाई हवी. ती नसेल तर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो, आणि नुसत्या अॅडजस्टमेंटने काम भागू शकतं. दुसरं म्हणजे, जुनी प्लेट आपल्यासमोर काढायला सांगावी. ती तेलाने ओली असेल तर दोष गळक्या ऑइल सीलचा, चालवणाऱ्याच्या पायाचा नव्हे. वॉरंटीत भांडायला तिथे जागा असते. कोरडी आणि सारखी झिजलेली असेल, तर मुकाट्याने बिल द्यावं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलणं परवडतं.

क्लचचं पेडलच नसलेल्या एएमटी गाड्या आपल्याकडे २०१४ पासून मिळू लागल्या. त्यांच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. आत प्लेट तीच असते, पाय तेवढा यंत्राचा. चढावर ब्रेकऐवजी रेसवर गाडी धरून ठेवली, तर तीही तशीच जळते.

नाहीतर गाडी नेरळलाच ठेवून टॅक्सी करावी. कशीही आली तरी खासगी गाडी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाही. तिथून अमन लॉज स्टेशन जवळच आहे, आणि लाल मातीच्या वाटेने, झाडांच्या सावलीत माथेरानचा बाजार चालतही गाठता येतो.