अडीच टक्क्यांची प्रेमकथा

प्रेमाची कबुली व्याजाच्या दराने द्यावी, हे खामगावच्या कापूसबाजारात कुणाला फारसं खटकणार नाही. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'नॉर्थ अँड साउथ' या कादंबरीच्या शेवटी नेमकं तेच घडतं. गिरणी गमावून बसलेल्या जॉन थॉर्नटनसमोर मार्गारेट हेल कागद शोधत बसते. आवाज कापतो, नजर वर होत नाही. आणि ती सांगते काय, तर माझे अठरा हजार सत्तावन्न पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्क्यांच्या वर काही सुटत नाही. तुम्ही घेतलेत तर मला व्याज जास्त मिळेल आणि तुमची गिरणी चालेल. एवढं कोरडं बोलून ती ओंजळीत तोंड लपवते. व्हिक्टोरियाच्या काळातल्या प्रेमकथांत माळरानांवरचे वारे आहेत, वादळी रात्री आहेत. मला हा हिशेबाचा कागद जास्त भावतो.

आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत एकर विचारतात, कोरडवाहू की ओलिताचं ते विचारतात, आता तर नोकरी आहे का हेच आधी विचारतात. तिथे प्रेमाचा उच्चार नाही. सिनेमात प्रेमच प्रेम, तिथे सातबाऱ्याचा उच्चार नाही. गॅस्केलबाईंनी दोन्ही एकाच टेबलावर मांडलं, आणि मांडताना त्यांना लाज वाटली नाही. पाळकाची बायको म्हणून १८३२ पासून मँचेस्टरसारख्या गिरणगावात राहिलेल्या बाईला पैसा दिसत नाही असं सोंग घेणं शक्यच नव्हतं. सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात डिकन्सच्या साप्ताहिकातून ही गोष्ट क्रमशः आली.

गोष्टीत तसं नवल नाही. दक्षिणेच्या हिरव्या खेड्यातली पाळकाची मुलगी उत्तरेतल्या धुरकट मिल्टनमध्ये येते. तिथल्या गिरणीमालकाच्या बापाने सट्ट्यात सगळं घालवून जीव दिलेला; पोरगा कापडाच्या दुकानात राबून, आईच्या शिस्तीत आठवड्याला तीन शिलिंग मागे टाकून वर आलेला. तिला तो व्यापारी वाटतो, त्याला ती गर्विष्ठ. हेल यांच्या घरी चहाला येऊन निघताना तो हात पुढे करतो. मिल्टनची ती साधी रीत. पण मार्गारेटला ती ठाऊक नाही, ती नुसती मान लववते. त्याआधी चहा देताना तिच्या मनगटावरचं कडं सारखं घसरत होतं, ती ते वर सारत होती, आणि तो तेच पाहत होता. वर्गाची भिंत आणि तिच्यातली फट, दोन्ही एका चहापाण्यात. हात पुढे करायचा की नाही, कप कुणी कुणाच्या हातून घ्यायचा, या प्रश्नांना आपल्या गावांत जातीचं ओझं आहे. म्हणून हे प्रकरण वऱ्हाडातला वाचक जरा जास्तच सावधपणे वाचतो.

कादंबरीच्या नावात दोन दिशा आहेत. खामगावात बसून वाचलं की तिसरी दिसू लागते. थॉर्नटनच्या गिरणीत कापूस येतो, पण ज्या शेतातून तो येतो ते शेत पुस्तकात नाही. त्या वर्षांत तो बहुतेक अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला होता. पण कादंबरी छापून येण्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना उपाशी पडल्या, आणि साऱ्यांची नजर इकडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो स्वतः आला आणि जळंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला. जेमतेम आठ मैलांच्या त्या रुळांसाठी व्हाइसरॉय कशाला येईल? रुळांचं दुसरं टोक मुंबईच्या बंदरातून लिव्हरपूलला पोचत होतं.

म्हणूनच पुस्तकातली दोन माणसं मला इथलीच वाटतात. एक बेसी हिगिन्स. रुई पिंजण्याच्या खात्यात काम करून तिच्या छातीत तंतू बसलेत, एकोणीस वर्षांची पोर खोकून खोकून मरते. धूळ बाहेर ओढणारं चाक बसवता येतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काही नाही, हे तीच सांगते. जिनिंगमध्ये तोंडाला ओढणी बांधून सरकी-रुईत उभ्या राहणाऱ्या बायांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. दुसरा बाउचर. संपात भरडला गेलेला, घरी लेकरांचं लेंढार, काम मिळेना. उथळ ओढ्यात तोंड खुपसून तो जीव देतो. ओढ्यात रंगकामाचं पाणी, त्याने त्याची कातडी रंगलेली. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत आमचा बुलढाणा होता. हे पान इथे कुणी नुसतं कादंबरी म्हणून वाचू शकत नाही.

मग एवढ्या मरणांमध्ये प्रेमाला जागा कशी उरते? उरते, कारण या दोघांचं प्रेम त्या मरणांना वळसा घालून जात नाही. मार्गारेट बेसीच्या उशाशी बसते, संपकऱ्यांच्या जमावापुढे थॉर्नटनला ढकलते आणि दगड आला तेव्हा स्वतः आड येते. थॉर्नटन संप फोडणारा, तरी पुढे बेसीच्या बापाला, हिगिन्सला, कामावर घेतो, कामगारांच्या पंगतीला जाऊन जेवतो. दोघंही एकमेकांसाठी बदलत नाहीत. तिसऱ्याकडे पाहायला शिकतात, आणि तिथे त्यांची गाठ पडते.

व्हिक्टोरिया राणीच्याच राज्यात इकडे बुलढाण्यात ताराबाई शिंदे होत्या. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये निघालं. बाईचं चित्र खोटं रंगवणाऱ्या कथा-नाटकवाल्यांनाही त्यांनी त्यात झोडपलं. त्या मार्गारेटवर खूश झाल्या असत्या, असं वाटतं. ही नायिका सोडवली जात नाही, कर्ज देते. पण लगेच त्यांनी विचारलं असतं, लग्नानंतर त्या पैशांचं काय? चोख प्रश्न. तेव्हाच्या कायद्याने ते नवऱ्याचेच झाले असते. विलायतेत लग्न झालेल्या बाईला आपली मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पूर्ण हक्क मिळाला तो १८८२ च्याच कायद्याने. म्हणजे ताराबाई बुलढाण्यात लिहीत होत्या तोवर मार्गारेटचे अठरा हजार कागदोपत्री थॉर्नटनचे होते. अडीच टक्क्यांचा तो हिशेब तिने मांडला ती तिच्या सावकारीची शेवटची घटका.

हे गॅस्केलबाईंना पुरतं ठाऊक असणार. तरी त्यांनी शेवट अश्रूंवर केला नाही. दोघं एकमेकांच्या मिठीत आहेत आणि बोलतायत कशावर, तर ही बातमी मार्गारेटच्या शॉ मावशीला कशी सांगायची यावर. ती त्याचं नाव कोणत्या सुरात घेईल आणि त्याची आई हिचं कोणत्या! घरचे काय म्हणतील, या वाक्याशी येऊन थांबणारी प्रेमकथा बुलढाणा जिल्ह्यात परकी कशी ठरावी?