पाठभेद आपल्याही लेखनाचे

आपल्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सा येते ती जुन्या ग्रंथांपुरती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मात्र कोणते पाठ बाजूला सारले याची त्यांची यादी आपल्यापुढे नाही. उलट, भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहिता वर आणि नाकारलेले पाठ तळाशी आहेत. हा फरक आपण वर्गात समजावून सांगतो. आपल्या विद्यार्थ्यांचे शोधप्रकल्प मात्र ‘अंतिम’, ‘अंतिम-नवा’, ‘सरांनी तपासलेला अंतिम’ अशा नावांच्या फायलींत विखुरलेले असतात.

हुपरीची एक विद्यार्थिनी एम.ए.च्या शोधप्रकल्पासाठी आपल्या गावातील चांदीकामाची शब्दकळा गोळा करीत होती. घरोघरी चालणारा हा व्यवसाय. शब्दाचा अर्थ एका घरी विचारावा, तर दुसऱ्या घरी त्यात भर पडे. मजकूर दर आठवड्याला बदले. अभियांत्रिकी शिकणाऱ्या भावाने तिला लाटेक आणि गिट यांची ओळख करून दिली, आणि मार्गदर्शक या नात्याने मलाही ती करून घ्यावी लागली.

लाटेकमध्ये मजकूर साध्या अक्षरांत लिहायचा. प्रकरण कोणते, तळटीप कोणती, हे खुणांनी सांगायचे. पानाची मांडणी संगणक करतो. प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी ठेवता येते. जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे २००४ पासून युनिकोड देवनागरी टंक त्यात थेट वापरता येऊ लागले. गिट ही लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचलेली व्यवस्था. काय बदलले, कोणी, केव्हा, याची ती नोंद ठेवते आणि प्रत्येक नोंदीसोबत बदलाचे कारण लिहायला सांगते.

गिट तुलना करते ती ओळीओळींची. म्हणून एका ओळीत एकच वाक्य लिहावे. लाटेक अशी एकेरी ओळमोड केवळ मोकळी जागा समजते. परिच्छेदासाठी कोरी ओळ सोडावी लागते. या शिस्तीत लांबलेले वाक्य लगेच डोळ्यांवर येते. आणखी एक गंमत: ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्या’ दोन रीतींनी टंकित होतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. गिट मात्र त्यांना दोन पाठ मानते. जुन्या लेखनिकांच्या लकबी आठवाव्यात असाच हा प्रकार.

खरा प्रसंग आला तो मौखिक परीक्षेत. तिसरे प्रकरण तुम्हीच लिहिले आहे काय, असे एका परीक्षकांनी विचारले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या दिवसांत हा संशय अनाठायी म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते; पण ती टक्केवारी लेखन कोणाशी जुळते एवढेच सांगते, ते कसे घडले हे सांगत नाही.

तिने नोंदवही उघडली. पहिल्या पाठात तिने, आपण समीक्षक सर्रास लिहितो तसे, ‘मूस म्हणजे घडण देणारा साचा’ असे लिहिले होते. नंतरच्या नोंदीत ते वाक्य खोडलेले होते आणि कारण दिले होते: ‘आई म्हणाली, मुशीत चांदी आटते, आकार येतो तो साच्यात.’ त्याखालच्या नोंदींत सगळे प्रकरण या एका भेदाभोवती नव्याने उभे राहताना दिसत होते. परंपरेच्या मुशीतून कवी घडतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो वितळतो असे म्हणायचे असते की ओतला जातो असे? परीक्षकांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

गिटमधील इतिहासही हवा तर बदलता येतो. त्यामुळे त्याला निर्विवाद पुरावा मानू नये. परीक्षकांचे समाधान झाले ते तिला प्रत्येक बदलाचे कारण सांगता आले म्हणून. आणि कारण सांगता आले, कारण ते त्या त्या वेळी लिहिण्याची तिला सवय लागली होती. शिवाय एरवी ऋणनिर्देशाच्या पानावर एका ओळीत आटोपली जाणारी आई इथे, ज्या वाक्यात तिने दुरुस्ती केली त्याच वाक्याशी, तारखेसह नोंदली गेली.

लाटेक सर्वांनी शिकावेच असा माझा आग्रह नाही. बदलाचे कारण लिहून ठेवणे मात्र मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. त्याला साधी वहीसुद्धा पुरते.