जहाज आणि दिशांची मर्यादा



कर्जतहून आम्ही तीनदा मुंबईच्या ‘एम्प्रेस’ क्रूझवर गेलो. १९९० चं हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनचं होतं. २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून जाऊ लागलं. तिथे जैन जेवण मिळतं. सासूबाई सूर्यास्ताआधी जेवून चौविहाराचं पच्चक्खाण घ्यायच्या.

आता न्यू जर्सीच्या नणंदेने मियामीहून कॅरिबियन फेरीला बोलावलंय. रॉयल कॅरिबियनच्या नेहमीच्या प्रवाशांना साधारण रात्रीमागे एक गुण मिळतो, ऐंशीला ‘डायमंड’. तिचे अठ्ठ्याहत्तर झालेत!

पण सासूबाईंना दिक्परिमाण व्रत घ्यायचंय. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे सहावं. कोणत्या दिशेला किती दूर जायचं, ते आपणच ठरवायचं आणि पाळायचं. मर्यादा भारताची ठेवली, तर लेकीचं घर कायमचं तुटणार. चार दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

मग फोनवर म्हणाल्या, “पश्चिमेला तुझ्या दारापर्यंत. पुढे नाही.” मियामी त्याच्याही पश्चिमेला.

नणंद क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आई, जहाज राहू दे. ते आठ दिवस घरीच राहा.”

सासूबाईंनी व्रत घेतलं. तिकीट न्यू जर्सीचंच काढलंय.