ओढा तो शिरोबिंदू!

भूमिती शिकवणाऱ्या प्रत्येकानं जिओजेब्रा उघडावं, आजच उघडावं! मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळांसाठी मोफत आहे, मोबाइलवर चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की वर्गात नेट नसलं तरी अडत नाही. आमच्याकडे एक लॅपटॉप आणि लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर आहे. तेवढं पुरतं.

आठवीत त्रिकोणाचे शिरोलंब आणि मध्यगा हा पाठ मी वर्षानुवर्षं खडू, फूटपट्टी आणि गुण्याच्या जोरावर शिकवत आले. फळ्यावरचा त्रिकोण एकदा काढला की तसाच राहतो, आणि बहुतेक वेळा तो लघुकोनच असतो, कारण तो नीट काढता येतो. पडद्यावर मात्र तीन शिरोलंब काढले, ते एका बिंदूत मिळाले आणि मी एक शिरोबिंदू बोटानं धरून ओढला. अहो, सगळी आकृती सोबत चालली! शिरोलंब वळले, संपातबिंदू सरकला, पण तिन्ही रेषांची गाठ सुटली नाही. कोन काटकोन झाला तसा संपातबिंदू नेमका त्या शिरोबिंदूवर जाऊन बसला. मी हात थांबवला आणि विचारलं, “अजून ओढला तर कुठं जाईल?” निम्मा वर्ग म्हणाला परत आत येईल, निम्मा गप्प. मागच्या बाकावरची एरवी वहीत डोकं घालून बसणारी मुलगी उभीच राहिली, “बाई, बाहेर जाणार!” गेला! विशालकोन त्रिकोणाच्या पार बाहेर!

हा प्रश्न विचारण्यापुरता थांबलेला हात, माझ्या मते, या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आधी अंदाज, मग ओढणं. आता मी हाच क्रम धरते, आणि माझा स्वतःचा जीवही दर वेळी तितकाच टांगणीला लागतो.

दहावीला तर मी थेट ऑयलर रेषेवर नेलं. शिरोलंबसंपात, मध्यगासंपात आणि परिकेंद्र, तिन्ही बिंदू वेगवेगळ्या रंगांत. कसाही ओढा त्रिकोण, तिन्ही एका रेषेत! मध्यगासंपात मधोमध नाही, परिकेंद्राकडे झुकलेला, अंतरांचं गुणोत्तर कायम २:१. समभुज केला की तिन्ही एकावर एक आणि रेषाच गायब! ऑयलरनं हे अठराव्या शतकात शोधलं, हातात कुठला पडदा नसताना. या माणसाला काय म्हणावं!

आणि मग तो प्रश्न आला, जो मला आजवर कधी मुलांकडून ऐकायला मिळाला नव्हता: “पण का, बाई?” सिद्धता मुलांनी मागितली! कितीही त्रिकोण ओढून पाहिले तरी राहिलेल्यांचं काय, हे त्यांचं त्यांनाच खटकलं होतं. फळ्याकडे वळलो. शिरोबिंदूपासून शिरोलंबसंपातापर्यंतचं अंतर हे परिकेंद्रापासून समोरच्या बाजूपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट असतं, एवढं मी सांगितलं. दोन्ही रेषाखंड त्याच बाजूला लंब, म्हणून समांतर, म्हणून व्युत्क्रम कोन समान. मध्यगेचे भागही २:१. “बाकोबा!” तीन-चार आवाज एकदम. त्रिकोण समरूप, कोन समान, बिंदू एकरेषीय. खडूच होता हातात, पण वर्ग पडद्यासमोर असतो तसा पुढं झुकलेला.

प्रोजेक्टर आला की फळा संपला, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

एकानं विचारलं, चौकोनात असं काही आहे का? आहे की! कुठलाही चौकोन घ्या, बाजूंचे मध्यबिंदू क्रमानं जोडा, समांतरभुज चौकोन! एक कोपरा आत ढकलून चौकोन वाकडा केला, तरी समांतरभुजच.

आता नवबिंदू वर्तुळ घ्यायचं आहे. बाजूंचे तीन मध्यबिंदू, तीन लंबपाद आणि शिरोबिंदू ते शिरोलंबसंपात या रेषाखंडांचे तीन मध्यबिंदू, नऊच्या नऊ एकाच वर्तुळावर, आणि त्या वर्तुळाचं केंद्र पुन्हा त्याच ऑयलर रेषेवर! ते मी सांगणार नाही. बिंदू काढून देईन आणि लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवीन.