पंच्याहत्तर वर्षांचा अंदाज, माझी तीन वर्षं

न्यू जर्सीत ऑनसाईट असताना पगाराच्या स्लिपवर एक ओळ हमखास असायची: सोशल सिक्युरिटी, 6.2 टक्के. कंपनीही तेवढेच भरते. पुण्यात परतल्यावर एका शनिवारी म्हटलं, बघू तरी हे पैसे जातात कुठे, आणि त्या फंडाचा वार्षिक अहवाल वाचायला घेतला.

मंडळी, हे लोक दरवर्षी पुढच्या 75 वर्षांचा अंदाज मांडतात! आपल्याकडे पुढच्या रिलीजची तारीख धड सांगता येत नाही. पंच्याहत्तरच का? आज नोकरीला लागलेला पोरगा म्हातारा होऊन जाईपर्यंतचा हिशेब त्यात बसावा म्हणून.

पद्धत तशी सरळ आहे. मुलं किती जन्मतील, माणसं किती जगतील, बाहेरून किती लोक येतील, पगार नि महागाई कितीने वाढेल, हे गृहीत धरायचं. त्यावरून प्रत्येक वर्षाची जमा आणि खर्च काढायचा. आशावादी, निराशावादी आणि मधला, असे तीन अंदाज. 2025 च्या अहवालातला मधला अंदाज सांगतो की म्हातारपणाचा आणि अपंगत्वाचा फंड एकत्र धरला तर गंगाजळी 2034 मध्ये संपेल. म्हणजे पेन्शन बंद नव्हे हं! चालू जमेतून ठरलेल्या रकमेच्या 81 टक्के देता येतील.

गंमत म्हणजे 1983 मध्ये कायदा बदलला तेव्हा 2060 च्या दशकापर्यंत काळजी नाही असा अंदाज होता. मग गणित बिघडलं कुठे? बूमर पिढी म्हातारी होणार हे तेव्हाही माहीत होतं. पण हा टॅक्स एका मर्यादेपर्यंतच्याच पगारावर लागतो, आणि पगार भराभर वाढले ते त्या मर्यादेच्या वरचे. 1983 मध्ये सुमारे 90 टक्के कमाई टॅक्सखाली यायची, पुढे ती 83 च्या आसपास आली. कोण किती जगेल यापेक्षा कोणाचा पगार वाढेल हे सांगणं कठीण, बहुतेक.

आता आपल्या कामाचं. तिथली पेन्शन मिळायला 40 क्रेडिट लागतात, म्हणजे निदान 10 वर्षं काम. माझी झाली तीन. जर्मनी, जपान, कोरियाशी अमेरिकेचा करार आहे, दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. भारताशी नाही. त्यामुळे माझ्यापुरता हिशेब: जमा आहे, खर्च शून्य. बाहेरून माणसं जास्त आली तर फंडाची तब्येत सुधारते, असं अहवालच सांगतो. त्या सुधारणेत माझा खारीचा वाटा!

तिथल्या कुणा आजीची औषधं त्यातून आली असतील तर वाईट वाटत नाही. पण माझ्या बाबांची सगळी नोकरी खासगी, पेन्शन जेमतेम. तीन वर्षं मी अनोळखी आजी-आजोबांना पेन्शन दिली, घरच्यांसाठी मात्र वेगळी एसआयपी लावावी लागली.

असो. तुमच्यापैकी कोणी तिथे आठव्या-नवव्या वर्षात असाल आणि परतायचा विचार करत असाल, तर तिकीट काढायच्या आधी क्रेडिट मोजा.