बिल येण्याआधी

मार्च संपता संपता घरात कूलर लागला, की बाबांचं मीटर बघणं सुरू होतं. सकाळी चहाच्या आधी टॉर्च घेऊन जिन्याखाली जायचं, वाकून आकडा वाचायचा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात तो बारीक अक्षरात लिहायचा. मग कालच्या आकड्याशी वजाबाकी. मग आईला ऐकू जाईल अशी घोषणा, "काल अकरा युनिट जळले. असंच चालू राहिलं तर तीनशेच्या वर जाते यावेळी."

महावितरणच्या घरगुती दरांत ३०० च्या पुढच्या प्रत्येक युनिटला जास्त पैसे लागतात. त्यामुळे आमच्या घरात तीनशे हा आकडा एखाद्या कडक नातेवाइकासारखा वावरतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, कूलर बंद करा असं कोणी कोणाला म्हणत नाही. पण मधल्या खोलीतला दिवा, माझा लॅपटॉप, टीव्हीचं लाल बटण या सगळ्यांची चौकशी होते. बिल यायचं तेव्हा येईल. बाबांना ते आधी माहीत असावं लागतं.

मला याचं हसू यायचं. नंतर माझ्याच कामाचा मोठा भाग मीटर बघण्याचा झाला.

परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका छोट्या कंपनीत मी काम करते. मालवाहू ट्रक कुठे आहेत हे दाखवणारं ॲप आम्ही चालवतो. आमचं सगळं क्लाउडवर आहे, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर. ते नीट चालताहेत ना हे बघायला आणखी एक भाड्याची सेवा आहे. तिला मॉनिटरिंग म्हणतात. ट्रकचं लोकेशन किती उशिरा आलं, किती वेळा आलंच नाही, असे आकडे आपण तिला पाठवत राहायचे. ती आलेख काढते, काही बिघडलं की रात्री फोन करते. आणि या बघण्याचेही पैसे लागतात, कधी कधी जे बघायचं त्याच्याइतकेच. २०२३ मध्ये एका क्रिप्टो कंपनीचं नुसतं मॉनिटरिंगचं बिल साडेसहा कोटी डॉलर झाल्याची बरीच चर्चा झाली होती. तेव्हा आम्ही ऑफिसखालच्या टपरीवर तर्री-पोहे खाता खाता त्यावर भरपूर हसलो होतो.

एका गुरुवारी मी एक ओळ लिहिली. आमच्या आकड्यांना राज्य, ट्रकचा प्रकार आणि ॲपची आवृत्ती असे तीन टॅग होते. सहा राज्यं, चार प्रकार, तीन आवृत्त्या, म्हणजे एका मोजमापाच्या जास्तीत जास्त ७२ वेगळ्या रांगा. एका ट्रकची तक्रार शोधताना मला वाटलं, फेरीचा क्रमांकही टॅग म्हणून टाकला तर कुठल्या फेरीत गोंधळ झाला ते लगेच कळेल. टाकला. चाललं. मी खूश.

अडचण अशी, की या सेवांमध्ये टॅगची प्रत्येक नवी जोडणी हे एक नवं मोजमाप धरलं जातं आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. प्रत्येक फेरीचा क्रमांक नवा. एका वेळी रस्त्यावर आमचे अठराशेच्या आसपास ट्रक असायचे. मी तो टॅग अकरा मोजमापांना लावला होता. आधी सगळ्या मिळून जास्तीत जास्त ७९२ रांगा होत्या, आता १९,८०० झाल्या. पंचवीसपट. एका ओळीने.

हे माझ्या लक्षात आलं शनिवारी संध्याकाळी, तेही दुसरंच काही शोधताना. टॅग काढला. हात थरथरत होते. आता प्रश्न एकच होता, किती झाले?

खर्चाचा अंदाज एपीआयने मागवता येतो. म्हणजे वेबसाइटवर जाऊन बटणं न दाबता आपल्या प्रोग्रामने थेट सेवेच्या सर्व्हरला विचारायचं, या महिन्याचे आतापर्यंत किती? उत्तरात वस्तूवार यादी येते. करारात ठरलेले इतके, वरचे इतके, एकूण इतके. मी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली, चालवली, उत्तर आलं ४०३. परवानगी नाही. पुन्हा माहितीपान वाचलं. डेटाडॉगसारख्या सेवेत खर्चाचा हा अंदाज फक्त मूळ खात्यालाच मिळतो, पोटखात्याला नाही. आमच्याकडेही तशीच रचना होती. माझी चावी पोटखात्याची. मूळ खात्याची चावी सरांकडे.

म्हणजे मी किती नुकसान केलं हे कळण्याआधी, मी नुकसान केलं हे सांगावं लागणार होतं.

रात्री दोनपर्यंत मी ते टाळलं. बाबा पाणी प्यायला उठले. "काय करून राहिली गं एवढ्या रात्री? लाइट जळून राहिली ना." मी त्यांना सांगून टाकलं. टॅग, फेरी, चावी, सगळं. त्यांना किती समजलं माहीत नाही. ते म्हणाले, "रीडिंग तर घेऊन घे आधी. घाबरायचं का नाही ते मग ठरव."

रविवारी सकाळी सरांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चावी पाठवली.

पहिला आकडा वाटला त्यापेक्षा खूपच कमी निघाला. मी सुटकेचा श्वास सोडला, तो चुकीचा होता. हे अंदाज ताजे नसतात. डेटाडॉगच्या माहितीपानावरच लिहिलेलं आहे, की खर्च दिसायला ७२ तासांपर्यंत उशीर होऊ शकतो. रविवारी मी जे बघत होते तो गुरुवार होता. सोमवारी आकडा वाढला. मंगळवारी आणखी वाढला. चूक दुरुस्त झाली होती, तरी तिचा हिशेब अजून येतच होता. सकाळी नऊला मी स्क्रिप्ट चालवायची आणि आकडा वहीत लिहायची. तिकडे बाबा कालनिर्णयवर लिहायचे. आई म्हणाली, "दोघं बापलेक सारखेच." बुधवारी रात्री आकडा थांबला. माझ्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढा होता. सरांनी पगारातून कापला नाही. "आता तूच याच्याकडे लक्ष ठेव," एवढंच म्हणाले.

मी फारच लक्ष ठेवलं. स्क्रिप्ट रोज आपोआप चालेल अशी लावली. दर तासाला लावणार होते, पण आमच्या ॲमेझॉनच्या बिलासाठी जो एपीआय वापरायचा होता त्यात प्रत्येक विचारणेला एक सेंट लागतो. खर्च किती झाला हे विचारायचाही खर्च. म्हणून दिवसातून एकदाच. मग कात्री काढली. हे मोजमाप कशाला, ते कशाला. महिनाभरात बिल निम्म्यावर आलं. ग्रुपवर अंगठे आले. गुरुवारची ती ओळ मी मनातून पुसली.

पावसाळ्यात एका रात्री लोकेशन साठवणारी रांग तुंबली. पाच तास एकही ट्रक जागचा हलला नाही, म्हणजे आमच्या नकाशावर. आम्हाला ते कळलं पहाटे, एका ग्राहकाच्या फोनवरून. रांग किती लांब झाली हे सांगणारं मोजमाप आमच्याकडे होतं. मी ते काढलं होतं. "यात कधी काही होतच नाही," असं कारणही लिहून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात चतुर्थी होती. बाबांनी उपास धरला, साखरेची गोळी मात्र सवयीने घेतली. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, बोलणं तुटक झालं. आईने ग्लुकोमीटर आणला. आकडा ५४. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, हळूहळू चढला. डॉक्टर म्हणाले, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, आणि अधूनमधून तपासत जा.

"तपासत होते ना तुम्ही?" मी विचारलं. बाबा गप्प. मी डबी उघडली. पन्नासपैकी एक्केचाळीस स्ट्रिपा तशाच. डबी घेतली होती गेल्या दिवाळीत.

"एक स्ट्रिप वीस रुपयाची पडते," ते म्हणाले. "आणि रोज नॉर्मलच तर येऊन राहिलं होतं."

मला रागावता आलं नाही. मीही तेच केलं होतं. वाचवलेल्या स्ट्रिपाही वाचल्या नव्हत्या. डबी उघडल्यावर त्या काही महिन्यांतच वापरायच्या असतात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फेकून द्याव्या लागल्या.

ऑफिसमध्ये आता मी मोजमापांची यादी घेऊन बसते तेव्हा किमतीच्या आधी एक प्रश्न विचारते. हा आकडा बदलला तर आपण काही करणार आहोत का? काहीच करणार नसू, तर स्वस्त असला तरी काढायचा. रात्री उठून धावणार असू, तर वर्षभर सरळ रेष दाखवत असला तरी ठेवायचा. फेरीचा क्रमांक आता मोजमापात नाही. तो नोंदींमध्ये आहे, लागेल तेव्हा शोधता येतो. रांगेची लांबी परत आली आहे. बिल थोडं वाढलं. सरांना मी तो वाढीव आकडा आधीच सांगितला होता.

बाबांशी मात्र वाटाघाट करावी लागली. रोज तपासणार नाही म्हणाले. डॉक्टरांना विचारून आठवड्याचे तीन वार ठरले, शिवाय उपास असेल त्या दिवशी नक्की. नवी डबी मी आणली, किंमत सांगितली नाही. त्यांनी ती खोक्यावर वाचली.

कालनिर्णयच्या चौकोनात आता कधी कधी दोन आकडे असतात. एक मीटरचा, एक साखरेचा. काल वर लिहिलं होतं ९, खाली १३२.

"नऊ युनिट फक्त," बाबा म्हणाले. खालच्या आकड्याबद्दल काही बोलले नाहीत. आई बोलली, "अन् रात्री आइस्क्रीम खाल्लं ते कुठे लिहिलं?"