डंप हिरवा झाला, पण...

डिचोली तालुक्यात आमचं घर. मागे शेत, शेताच्या वर खाणीचा डंप. पहिल्या पावसात डंपाची लाल माती ओहळातून शेतात यायची आणि बाबा दिवसभर घमेल्याने ती उपसत असायचे. आता भाऊ उपसतो.

परवा भाच्याने एका खाण कंपनीचा शाश्वततेचा अहवाल दाखवला. गुळगुळीत पानं, हसरी मुलं, हातात रोपं. आमचा डंप म्हणे आता हिरवागार!

भाचा संगणकवाला. त्याने क्लायमेटबर्टची गोष्ट सांगितली. हवामानविषयक मजकुरावर शिकवलेलं हे भाषा-मॉडेल. ठोस वचन कुठलं आणि मोघम कुठलं, हे ते वाक्यं वाचून वेगळं करतं. 2022 साली संशोधकांनी त्याच्याकडून शेकडो कंपन्यांचे अहवाल वाचून घेतले, तेव्हा बराचसा मामला बोलाचाच भात निघाला. आपल्याकडे 2022-23पासून सेबीने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केलाय. एवढी पानं माणूस कधी वाचणार?

भाच्याने हा अहवालही तसाच मशीनकडून चाळून घेतला. 'कटिबद्ध', 'प्रयत्नशील' पानोपानी. किती झाडं जगली, किती गाळ अडवला, याचा आकडा कुठेच नाही.

मग त्याने सेंटिनेल-2 उपग्रहाची चित्रं उघडली. फुकट मिळतात, दहा मीटरचा तुकडाही दिसतो. 2017 साली डंप लाल, आता हिरवा.

"मामा, हे मात्र खरं बोलतायत रे!"

म्हटलं, चपला घाल, चल.

वर सगळी ऑस्ट्रेलियन अकेशिया. खाली वाळक्या पानांचा थर, करवंदाचं एक झुडूप नाही. पायथ्याशी पावसाने कापलेली घळ, आणि तिथून थेट ओहळापर्यंत लाल रेघ. आकाशातून हिरवा रंग दिसतो, त्याखालची माती धरली गेलीय की नाही ते दिसत नाही. आणि माती वाहते ती ऐन पावसात. तेव्हा या उपग्रहाला नुसते ढग दिसतात.

म्हणून यंत्र निकामी, असं मी म्हणणार नाही. अहवालात काय गाळलंय ते त्यानेच दाखवलं. कुठे जाऊन बघायचं ते मात्र घमेलं उचलणाऱ्यालाच ठाऊक.

भाच्याने घळीचे फोटो तारीख-ठिकाणासह काढलेत. रविवारी ग्रामसभा आहे. मी एकच प्रश्न लिहून ठेवलाय : गेल्या पावसात या डंपावरून किती माती खाली आली?

आकडा हवाय. विशेषणं नकोत.